शेवटचा कोस पायांचा

राजापुरात 'गंगा आली' हे दोन शब्द कुणी छापत नाही, तरी दोन दिवसांत ते सगळ्या तालुक्यात पोचतात. उन्हाळे गावाच्या वर डोंगरात चौदा कुंडं आहेत. वडाच्या मुळाशी मूळगंगा आहे, काशीकुंडाला गोमुख आहे. एरवी तिथे कोरडे चिरे आणि पालापाचोळा. मग साधारण तीन वर्षांनी कधीतरी पाणी वर येतं, काही आठवडे, कधी काही महिने राहतं आणि आलं तसं निघून जातं. हल्ली तिचं येणं-जाणं पूर्वीइतकं नेमानं होत नाही. भूगर्भाचे जाणकार सांगतात की डोंगराच्या पोटातल्या पोकळ्या भरत भरत एका पातळीला आल्या की वक्रनलिकेच्या, म्हणजे सायफनच्या, तत्त्वानं पाणी बाहेर ओढलं जातं. हे मला मान्य आहे. तरीही लहानपणी आजीचं बोट धरून तो चढ चढलेली मी आजही 'गंगा आली' ऐकलं की हातातलं काम बाजूला ठेवते. आजी म्हणायची, "ती येतली तेवा आपण जावचा." गंगेला आपल्या सोयीनं बोलावता येत नाही, हे आमच्या घरात कुणाला वेगळं शिकवावं लागलं नाही.

हे आठवायला कारण झाली गेल्या मे महिन्यातली गावची बैठक. चाकरमानी आले होते, मानकरी होते, तरुण मुलंही बरीच होती. ग्रामदेवतेच्या देवळापर्यंत थेट डांबरी रस्ता न्यायचा, देवळासमोर गाड्या लावायला जागा करायची, त्यासाठी देवरहाटीतली, म्हणजे देवाच्या राखलेल्या रायीतली, काही झाडं काढायची, आणि त्याच कामात देवळाची कौलं आणि लाकडी खांब उतरवून वर स्लॅब आणि शिखर चढवायचं, असा विषय होता. "लोक यायला हवेत तर सोय करायला हवी," हे एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडांतून आलं आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. मी विरोध केला, पण मला तिथे नीट मांडता आलं नाही. ते इथे मांडते.

माझं म्हणणं असं आहे की देवाच्या वाटेचा शेवटचा तुकडा पायांसाठी राखायला हवा, आणि त्या तुकड्यावर पैशानं किंवा ओळखीनं कुणी कुणाच्या पुढे जाता कामा नये. यातलं एक जरी गेलं, तरी जे उरतं त्याला तीर्थ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

'तीर्थ' हा शब्द मुळात पाण्याचा. तॄ म्हणजे तरून जाणं, पार होणं. त्यावरून तीर्थ म्हणजे नदीचा उतार, जिथे पाय टेकत पलीकडे जाता येतं ती जागा, पाण्यात उतरायच्या पायऱ्या. वेदात तो याच साध्या अर्थानं येतो. कोकणातल्या माणसाला हे समजायला कोश उघडावा लागत नाही. आपल्याकडे थोडं चाललं की खाडी आडवी येते आणि खाडीवर 'तर' असते, पलीकडे नेणारी होडी. 'तर चुकली', 'तरीवर गाठ पडली' हे पूल होईपर्यंत आपल्या रोजच्या बोलण्यात होतं. ती तर आणि हे तीर्थ एकाच धातूची लेकरं. तरीवर प्रत्येकाला थांबावं लागतं. होडी पलीकडे असली की सावकारही थांबतो, डोक्यावर माशांची पाटी घेतलेली बाईही थांबते. पाण्याची ओढ बघून तांडेल सांगेल तेव्हा निघायचं. तीर्थयात्रेतलं निम्मं मर्म मला या थांबण्यात दिसतं. वेळ ठरवायचा अधिकार आपल्याकडे नसतो.

महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी भीष्मांना तीर्थांचं माहात्म्य सांगतात. तिथे सुरुवातीलाच एक विलक्षण गोष्ट आहे. यज्ञाला नाना प्रकारची सामग्री लागते, तो राजांना किंवा पैसेवाल्यांना जमतो, दरिद्री माणसाला जमत नाही. म्हणून गरिबालाही करता येईल आणि यज्ञापेक्षाही श्रेष्ठ ठरेल असं काही असेल तर ते तीर्थाला जाणं. म्हणजे ज्याच्याकडे तूप नाही, गायी नाहीत, पुरोहिताला द्यायला सोनं नाही, फक्त दोन पाय आहेत, त्याच्यासाठी ही उपासना सांगितलेली आहे. आणि तिचं फळ कुणाला? ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहेत त्याला. तिथे मनाच्याही आधी हातापायांचं नाव येतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुढच्या काळातल्या धर्मनिबंधांनी हाच धागा आणखी ताणला. वाहनानं गेलं तर निम्मं फळ जातं असं त्यांत सांगितलं आहे, आणि यात्रेत व्यापार केला तर त्याहूनही जास्त जातं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना तीर्थयात्रेला मोठी जागा दिली आणि तीर्थांची लांबलचक सूची केली. त्या सूचीतली नावं वाचताना एक जाणवतं. नदीचं मूळ, दोन नद्यांचा संगम, डोंगराचं टोक, समुद्रात शिरलेला खडक, कुंड. जिथे जमीन संपते किंवा पाणी सुरू होतं तिथे माणसानं हात जोडले. देऊळ बहुतेक ठिकाणी नंतर आलं.

आता तुकोबांचं काय, असं कुणी विचारेलच. 'तीर्थीं धोंडा पाणी । देव रोकडा सज्जनीं' हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. 'जाऊनियां तीर्थां तुवां काय केलें । चर्म प्रक्षाळिलें वरी वरी' हेही त्यांचंच. बैठकीत एका शिकलेल्या मुलानं मला हेच ऐकवलं: देव सगळीकडे आहे, मग वाट डांबरी असली काय आणि पायवाट असली काय. प्रश्न खरा आहे, तो झटकून टाकता येत नाही. पण हे लिहिणारे तुकोबा स्वतः वारकरी होते, पंढरीची वाट त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललेली होती. त्यांचा राग पाण्यावर नव्हता, पाण्यात बुडी मारून कोरडं बाहेर येणाऱ्यावर होता. जिथे जाऊन माणूस बदलत नाही तिथे धोंडा आणि पाणीच उरतं, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच मी विचारते, माणूस बदलायला जी उसंत लागते, जे चालणं लागतं, जी सोबत लागते, तीच आपण काढून टाकली तर धोंडा आणि पाणी यांखेरीज तिथे काय उरेल? तुकोबांचा अभंग रस्त्याच्या बाजूनं नाही, माझ्या बाजूनं आहे.

हा उतार सगळ्यांसाठी होता असं मात्र मी म्हणणार नाही. ते खोटं होईल, आणि कोकणातल्या माणसाला तर ते मुळीच म्हणता येणार नाही. महाडच्या चवदार तळ्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यांमधलं आहे. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, आणि तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन त्या पाण्यापर्यंत चालत जावं लागलं. ती ओंजळभर पाण्यासाठी काढलेली वाट होती. त्यानंतर त्या तळ्याची पंचगव्यानं 'शुद्धी' केली गेली. ज्या शब्दाचा अर्थच पाण्यात उतरायची पायरी, तो शब्द रोज उच्चारणाऱ्यांनी पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला अडवलं. पुढे १९३१ मध्ये रत्नागिरीत सावरकरांच्या प्रेरणेनं आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशानं पतितपावन मंदिर उभं राहिलं. दापोलीजवळच्या पालगडला जन्मलेले साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसले, तेव्हा विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडलं. वारीत शतकानुशतकं चाललेल्या माणसांना ज्या दाराशी थांबावं लागत होतं, ते दार.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण जातीनं बंद केलेली वाट जर अधर्म होती, तर पैशानं बंद केलेली वाट धर्म कशी होईल? चार वर्षांपूर्वी मी आईला घेऊन घाटावरच्या एका मोठ्या देवस्थानात गेले होते. आम्ही पाच तास लोखंडी पिंजऱ्यांच्या रांगेत होतो. आई ऐंशीच्या पुढची. शेजारून दुसरी रांग भराभर सरकत होती, ती पावती फाडलेल्यांची. आमच्या पुढे जालन्याकडचं एक शेतकरी जोडपं होतं, बाईच्या कडेवर ताप आलेलं पोर. पावतीच्या रांगेतला एक गृहस्थ आत जाऊन दर्शन घेऊन प्रसादाची पिशवी घेऊन बाहेर आला, तेव्हा ती बाई जिथे होती तिथेच उभी होती. ती काही बोलली नाही. कुणीच काही बोललं नाही. देवासमोर आम्हाला एक क्षणही मिळाला नाही, पाठीवर हात पडला आणि आम्ही बाहेर. वनपर्वात जिच्यासाठी तीर्थ सांगितलं आहे ती हीच बाई, आणि आपण तिलाच मागे ठेवतो. देवस्थानांना पैसा लागतो, हे मी जाणते. अन्नछत्रं, दवाखाने, स्वच्छता हे सगळं पैशानं चालतं. पण देणगी पेटीत टाकावी, ती रांग विकून मिळवू नये. माझं हे मत ठाम आहे आणि त्यात तडजोडीला जागा दिसत नाही.

आपल्या किनाऱ्याकडे या बाबतीत जगाला दाखवण्यासारखी एक गोष्ट आहे. इथे माणूस देवाकडे जातो, आणि देवही चालतो.

आजी तरुणपणी महाशिवरात्रीला कुणकेश्वरला चालत जायची. विजयदुर्गची खाडी तरीनं ओलांडायची, मग देवगड तालुक्यातून किनाऱ्यानं आणि सड्यांवरून, वाटेत मुक्काम करत. मी तिच्याबरोबर गेले तेव्हा एसटी होती, पण शेवटचा उतार पायीच होता. मला समुद्र दिसला की मी पळायला लागायची. आजी मागून ओरडायची, "घाई करू नको गो, देव खंय जाणा नाय." आणि तेवढ्यात मागून ढोल ऐकू यायचे. कुठल्यातरी गावचा देव पालखीत बसून, तरंगकाठ्या, अब्दागिरी आणि निशाणं घेऊन त्याच वाटेनं येत असायचा. आम्ही कडेला व्हायचो, आजी वाटेवरच डोकं टेकायची.

महाशिवरात्रीला कुणकेश्वराच्या भेटीला आसपासच्या गावांच्या देवस्वाऱ्या येतात आणि अमावास्येला समुद्रात तीर्थस्नान करतात. सगळे देव दरवर्षी येत नाहीत. कौल झाला, देवानं होकार दिला की स्वारी निघते. मग अख्खा गाव त्याच्याबरोबर चालतो, कारण देव एकटा चालू शकत नाही, त्याला खांदे लागतात. याचा अर्थ मी खूप वर्षं शोधत होते. देवालाही तीर्थ लागतं का? आता मला वाटतं, लागतं. वर्षभर गावाची गाऱ्हाणी ऐकून, भांडणं ऐकून, आजार-नवस ऐकून त्यालाही एकदा गावाबाहेर पडून मोठ्या पाण्यात उतरावंसं वाटत असेल. निदान हे चित्र ज्यांनी पहिल्यांदा मनात आणलं त्यांना तसं वाटलं असणार. जी कल्पना देवालाच वाटसरू करते, तिच्यापुढे गाडीतून उतरून गाभाऱ्यात आणि गाभाऱ्यातून गाडीत हे किती खुजं दिसतं.

त्याच कुणकेश्वराची एक आख्यायिका किनाऱ्यावर सगळे सांगतात. एका परदेशी मुसलमान व्यापाऱ्याचं गलबत वादळात सापडलं. किनाऱ्यावर एक दिवा मिणमिणताना दिसला. त्यानं त्या दिव्याला नवस बोलला, जीव वाचला, आणि त्यानं तिथे देऊळ बांधलं. इतिहास म्हणून मी ते पुढे करत नाही. पण आपल्या लोकांनी आपल्या सर्वांत मोठ्या शिवस्थानाची गोष्ट अशी सांगावी की तिथे पहिला यात्रेकरू परधर्मी, भिजलेला, घाबरलेला माणूस होता, हे मला अभिमानाचं वाटतं.

आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावातून फिरतो आणि चपलांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा आहे. शिमग्यात आमच्याकडे पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या चौथऱ्यावरून, निघून घरोघर जाते. ज्या म्हातारीला अंथरुणातून उठवत नाही तिच्या खळ्यात ढोल वाजतात, तिची ओटी देवीला जाते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कुठल्याही ठरलेल्या तिथीला होत नाही, देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. आज त्या जत्रेला मुंबईहून इतकी माणसं जातात की रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागतात, पण त्या सुटतात देवीनं दिवस दिल्यावर. तिथे पुढाऱ्यांचे फलक लागतात, भाषणं होतात, त्याबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही. दिवस अजून त्यांना ठरवता आलेला नाही, एवढं मला पुरे आहे.

आणि हरिहरेश्वर. तिथली प्रदक्षिणा ज्यानं केली आहे त्याला माझं म्हणणं शब्दांशिवाय समजेल. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग डोंगर चढायचा, आणि दोन उभ्या कड्यांच्या मधल्या अरुंद पायऱ्यांनी थेट समुद्राच्या पुढ्यात उतरायचं. पुढची वाट लाटांनी खाऊन जाळीदार झालेल्या काळ्या खडकावरून, समुद्र उजव्या-डाव्या बाजूला नव्हे तर अंगावर घेत. ही वाट फक्त ओहोटीला उघडते. जुन्या माणसांना वेळापत्रक लागत नसे. तिथीला पाऊणनं गुणायचं की भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहा वाजता, अमावास्येला सव्वाअकराला. त्यापुढे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे अमावास्येला पितरांसाठी आलेल्या माणसाला प्रदक्षिणा करायची तर एकतर भल्या पहाटे, नाहीतर दिवस कलताना. भर दुपारी तिथे समुद्रच असतो. पंचांग आणि पाणी एकाच हिशेबात बांधलेलं हे गणित आमच्या आजोबांना बोटांवर यायचं. आज गाडीतून आलेली मंडळी घड्याळ बघून उतरतात, 'अर्धा तास आहे, पटकन करून येऊ' म्हणतात. त्या खडकांवरून माणसं वाहून गेली आहेत. कुणी उद्या म्हणालं की तिथे उंच पूल बांधू, कठडे लावू, म्हणजे बारा महिने चोवीस तास प्रदक्षिणा होईल, तर त्याला वाटेल की त्यानं पुण्य केलं. माझ्या मते त्यानं तीर्थच बुजवलेलं असेल. तिथे हवा आहे तो एक मोठा, ठळक, रोज बदलणारा फलक आणि वाट बंद असताना अडवायला उभा असलेला माणूस. समुद्राला थांबवण्यापेक्षा माणसाला थांबवणं स्वस्त आहे आणि योग्यही.

सुरक्षेचा मुद्दा पुढे येतो, तो हलका नाही. २००५ च्या जानेवारीत मांढरदेवीला चेंगराचेंगरीत तीनशेच्या आसपास माणसं गेली. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. अरुंद वाट आणि अमर्याद गर्दी एकत्र आली की माणसं मरतात, तेव्हा श्रद्धेची भाषा बोलणं निर्लज्जपणाचं ठरतं. पण त्याचं उत्तर येण्या-जाण्याच्या वेगळ्या वाटा, पायऱ्यांवर दुकानं नसणं, पाणी, प्रकाश, आणि एका वेळी किती माणसं आत सोडायची याचा कडक नियम, यांत आहे. गाडी दारापर्यंत नेल्यानं गर्दी कमी होत नाही, ती दारात आणखी वेगानं साठते.

पोटाचा मुद्दाही तसाच. मी कोकणातच राहते, इथे पावसाळा संपला की हाताला काम शोधावं लागतं, हे मला कुणी सांगायला नको. गणपतीपुळ्याला, हरिहरेश्वरला, दिवेआगरला घरगुती राहण्या-जेवणाची सोय करून बायकांनी संसार उभे केले आहेत आणि ते मला देवकार्याइतकंच मोलाचं वाटतं. दिवेआगरला १९९७ मध्ये एका वाडीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि त्या शांत गावाकडे माणसांचा ओघ लागला. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदार मारले गेले, सोनं गेलं. ओघ आटला, गावाच्या हातातोंडाचा घास गेला. २०२१ मध्ये नवा मुखवटा बसला तेव्हा गावाला झालेला आनंद मला समजतो. पण मधल्या नऊ वर्षांत देऊळ तिथेच होतं, समुद्र तिथेच होता, सुपारीच्या बागा तिथेच होत्या. जे बघायला लोक येत होते तेच नव्हतं. बघण्यावर उभं केलेलं गाव किती लवकर रिकामं होतं, हे आपण तिथे पाहिलं. चालत येणारा माणूस वाटेत कोकम सरबत घेतो, आंबोळी खातो, सावलीत टेकतो, जमलं तर रात्र काढतो. गाडी दारात आलेला माणूस दहा मिनिटांत पुढच्या ठिकाणाला निघतो. धंद्याच्या हिशेबानंही शेवटचा कोस पायांचाच फायद्याचा.

गणपतीपुळ्याला डोंगरच देव आहे, म्हणून प्रदक्षिणा डोंगरालाच घालावी लागते, किलोमीटरभर. तिथे देवाला बाजूला सारून काही बांधताच येत नाही. बाकी ठिकाणी आपण तेच करत सुटलो आहोत. जांभ्याचा चौथरा, फणसाच्या लाकडाचे कोरीव खांब, उतरतं कौलारू छप्पर, पावसात अंधारलेला सभामंडप आणि त्यात समईचा उजेड, हे आमच्या पिढीनं 'जुनाट' म्हणून पाडलं. जागी आला तो स्लॅब, चकचकीत फरशी आणि गुलाबी रंग. कोकणच्या पावसात पाचव्या वर्षी तो स्लॅब गळतो. देवरहाटीबद्दल तर बोलताना गळा दाटतो. ज्या रायीतली वाळकी काटकीसुद्धा पूर्वजांनी घरी नेली नाही, तिथे आपण गाड्या उभ्या करायला जागा मोजतो आहोत. त्या रायीखालीच विहिरींना पाणी असतं. देव आणि पाणी यांचं नातं जोडणारी ती माणसं अडाणी नव्हती.

सर्वांत कठीण प्रश्न बैठकीत शेवटी एका म्हाताऱ्या काकांनी विचारला: "आणि ज्याच्यान चलवत नाय तेना काय करूचा?" त्याचं उत्तर मी दिलं नाही, कारण माझ्या शेजारी माझी आई बसली होती, गुडघे धरून.

उत्तर आपल्या रीतींतच आहे, असं मला नंतर सुचलं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल या आशेनं उत्तरेला गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, आणि तरीही परतताना खांद्यावर गंगेची कावड घेऊन आले. त्या पाण्यानं त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. जे जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी जाणाऱ्यानं वाहून आणायचं, ही रीत होती. काशीहून आलेल्या माणसाचं मावंदं व्हायचं, गाव जेवायचा, त्याच्या धुळीच्या पायांना हात लावायचा, आणि जे कधीच काशीला जाणार नव्हते त्यांनाही काशी थोडी मिळायची. एकाच्या चालण्यात इतरांचा वाटा होता. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा बांधल्या, देऊळ बांधायच्या भानगडीत ते पडले नाहीत. यात्रेकरूला छप्पर हवं, पाणी हवं, स्वच्छ जागा हवी, हे त्यांना हातात खराटा घेऊन समजलं होतं. राज्य सरकारनं २०२४ मध्ये साठीच्या पुढच्यांसाठी माणशी तीस हजार रुपयांपर्यंतची तीर्थदर्शन योजना आणली, तिला माझा पाठिंबा आहे. दूरचा प्रवास सोपा व्हायलाच हवा. सप्तशृंगीला ट्रॉली झाली, तीही चांगलीच झाली.

म्हणून आमच्या गावापुरतं माझं म्हणणं असं: रस्ता वेशीवरच्या आंब्यापर्यंत आणा, गाड्या तिथे थांबवा. पुढे पायवाट चिऱ्यांनी बांधून घ्या, दर पन्नास पावलांवर बसायला कट्टा, एक पाण्याचा नळ, बायकांसाठी स्वच्छ शौचालय. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी दोन डोल्या आणि गावातली चार तरुण मुलं, मानाचे पैसे घेऊन. देव खांद्यावरून चालतो, आपली म्हातारी माणसंही चालतील. झाड एकही नको. कौलं उतरवायची तर पुन्हा कौलंच घाला. पुढची बैठक गणपतीत आहे आणि हे सगळं मी लिहून नेणार आहे.

मागच्या खेपेला गंगा आली तेव्हा आईला चढवत नव्हतं. मी तांब्याचा गडू घेऊन एकटीच गेले. पायथ्याशी गाडी ठेवली, वर चढले, चौदाही कुंडांना हात लावला, मूळगंगेवर गडू भरला. घरी आले तेव्हा ती ओटीवर वाट बघत बसली होती. गडू हातात घेण्याआधी तिनं विचारलं, "वर चालत गेलंस?" मी हो म्हटलं. तिनं माझ्या पायांवरच्या लाल मातीला हात लावला, तो डोळ्यांना लावला, मग थोडं पाणी डोक्यावर घेतलं आणि उरलेलं तुळशीला घालायला माझ्याकडे दिलं.